मंगळाचे प्रकल्पग्रस्त

नर्मदा पागधरेने माशांची टोपली दुकानाच्या पायरीवर ठेवली, ओले हात पदराला पुसले, पिशवीतून रेशनकार्डाची झेरॉक्स काढली आणि ती काउंटरवर पसरून विचारलं,

“मंगळाचं इथंच हाय ना?”

काउंटरच्या मागे मनीष संखे तिसऱ्या अंकाचं संपादकीय लिहीत होता. म्हणजे ‘वाचकहो’ एवढं लिहून झालं होतं आणि आता नेमकं कोणाला उद्देशून लिहायचं, याचा तो विचार करत होता. त्याने मान वर केली.

“मंगळाचं काय, मावशी?”

“प्लाट.”

मागे दीपाली झेरॉक्सच्या यंत्रात अडकलेला कागद ओढत होती. ओढता ओढता ती थांबली.

दुकानाचं नाव सपना झेरॉक्स अँड डीटीपी. सपना ही दीपालीची मोठी बहीण. ती लग्न होऊन वापीला गेली, पाटी इथेच राहिली. बोईसरच्या नवापूर रोडवरच्या या दुकानात आधार कार्डाच्या प्रती निघत, लग्नपत्रिका जुळवल्या जात आणि अलीकडे विज्ञानकथांना वाहिलेलं एक मराठी त्रैमासिकही निघत असे. त्याचं नाव ‘दूरगामी’. मनीष त्याचा संपादक होता आणि उरलेल्या वेळात एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरी करत असे. दीपाली ही सहसंपादक, मुद्रितशोधक, वितरण विभाग आणि संपादकाची शाळेपासूनची मैत्रीण होती. यांपैकी फक्त शेवटचं पद तिने स्वखुशीने घेतलं होतं.

‘दूरगामी’ची वाटचाल तोवर दोन अंकांची होती. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर केळव्याच्या किनाऱ्यावर उतरलेली उडती तबकडी होती. त्या अंकाबद्दल एकूण दोन फोन आले आणि दोघांनाही शनिवार-रविवारचं बुकिंग हवं होतं. तबकडीत एका वेळी किती माणसं बसतात आणि लाइफ जॅकेट मिळतं का, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या अंकाला फोन आले नाहीत. पालघरचा छापखानेवाला विनोद म्हणाला होता, तिसऱ्या वेळीही एवढ्याच प्रती काढायच्या असतील तर हातानेच लिहून काढा, लवकर होईल.

मनीषला तिसरा अंक हवा होता, कारण तिसऱ्याशिवाय चौथा निघत नाही. आणि चौथ्यात त्याची स्वतःची कादंबरी सुरू व्हायची होती. संपादकाने पहिल्या तीन अंकांत स्वतःला छापू नये, असा नियम त्याने केला होता. नियम मोडायचा आग्रह कोणीतरी करेल, अशी त्याची अपेक्षा होती. कोणी केला नाही.

दीपालीने दुसरा अंक उघडून शेवटची पानं मनीषसमोर धरली. तिथे भगवंत राऊतांची कथा होती.

भगवंतकाका म्हणजे सगळी नोकरी पुनर्वसन शाखेत काढून निवृत्त झालेले अव्वल कारकून. आयुष्यभर परिपत्रकांचे मसुदे लिहिल्यामुळे त्यांच्या हातून दुसरं काही उतरतच नसे. नातवाच्या बारशाचं निमंत्रणसुद्धा त्यांनी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ घालून लिहिलं होतं. संदर्भात मुलाच्या लग्नाची तारीख होती. त्यांच्या विज्ञानकथेचं नाव ‘मंगळ पुनर्वसन : टप्पा एक’. तिच्यात नायक नव्हता, संवाद नव्हते. पृथ्वीवरचं एक किनारी गाव मंगळावर हलवण्याबाबतच्या क्रमवार सूचना होत्या. ‘मूळ ग्रहावरील आठवणींबाबत वेगळी भरपाई देय असणार नाही,’ ही सूचना वाचून मनीषच्या अंगावर काटा आला होता. याला कथा म्हणतात, असं तो दीपालीला म्हणाला होता. गावाला नाव हवं म्हणून काकांनी खाजणपाडा घातलं, कारण ते लिहायची बोटांना सवय होती. अर्ज स्वीकारण्याचं ठिकाणही हवं होतं, म्हणून अंकात जो एकमेव पत्ता होता तोच टाकला.

खाजणपाडा हे गाव एकदा प्रकल्पासाठी उठवलं गेलं होतं. आता ते दांडीच्या अलीकडे, वसाहत म्हणून, आखीव रस्त्यांवर बसलं होतं.

ते पान तिथे कसं पोचलं, याचा तपास फार लांब गेला नाही. मनीषने दुसऱ्या अंकाच्या उरलेल्या प्रती गावोगावच्या सलूनमध्ये ठेवल्या होत्या. मागच्या आठवड्यात खाजणपाडा प्रकल्पग्रस्त समितीचा सुजित मेहेर याच दुकानात येऊन एका कागदाच्या पुष्कळ प्रती काढून घेऊन गेला होता. त्या दीपालीनेच काढल्या होत्या. झेरॉक्सवाल्याने कागद वाचायचा नसतो, हा धंद्याचा पहिला नियम आहे. नाहीतर निम्म्या तालुक्याच्या तोंडाकडे बघणं अवघड होईल.

“मावशी,” मनीष म्हणाला, “ही गोष्ट आहे.”

“हां.”

“म्हणजे काल्पनिक. मंगळावर कोणी जात नाहीये.”

“हां. पयल्या वेळेलाबी सगळे असंच बोलत होते. कोण उठवतोय आपल्याला, अफवा हाय. पण ज्यांनी नाव घातलं त्यांना घर मिळालं.”

“आणि तुम्हाला?”

“मी मोजणीच्या दिवशी सातपाटीला मासळीच्या लिलावावर. दाराला कुलूप. कुलूपवालं घर मोजत नाय, बोलले.” तिने झेरॉक्स बोटाने थोडी पुढे सरकवली. “तवापासून दिराच्या पडवीत हाय. भांड्यांना एक फळी ठोकायची तरी विचारावं लागतं. आणि तो बोलतो, बघू.”

“पण मंगळ, मावशी…”

“लांब हाय, बोलले मला.”

दीपालीने यंत्रातून निघालेला चुरगळलेला कागद सपाट केला, त्याच्या पाठीवर पेन्सिलीने ‘नर्मदा पागधरे’ असं लिहिलं आणि कागद तिला दाखवला.

“नंबर?” नर्मदाने विचारलं.

“एक.”

नर्मदा त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिने टोपलीतून चार बांगडे काढून काउंटरवर, संपादकीयाच्या बाजूला ठेवले आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली. ‘दूरगामी’ची ही पहिली वर्गणी. ती लगेच साफ करून फ्रिजमध्ये ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग होती.

मनीषने भगवंतकाकांना बोलावून घेतलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, कार्बन पेपर घेऊन आले. रांग पाहून त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तजेला दिसला.

“काका, यांना सांगा हे सगळं खोटं आहे.”

“तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी खुलासा द्यावा लागेल,” काका म्हणाले आणि तिथेच बसून त्यांनी तो लिहिला. मनीषने न वाचता सही केली आणि दाराच्या काचेवर चिकटवला. दुपारी तो कंपनीत गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा रांग वळून रिक्षा स्टँडपर्यंत पोचली होती. मग त्याने खुलासा वाचला. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर योजना काल्पनिक असून, तिच्या अंमलबजावणीबाबत अद्याप कोणताही अंतिम निर्णय झालेला नाही.’

“काका, हे ‘अद्याप’ कशाला?”

“नाही घातलं तर वाक्य उघडं पडतं,” काका म्हणाले.

त्यातच त्या आठवड्यात कंपनीत लाल रंगाचं उत्पादन चालू होतं. मनीष पाळी संपवून दुकानात शिरायचा तेव्हा त्याच्या बुटांवर, कॉलरवर, भुवयांवर तांबूस भुकटी असायची. रांग गप्प व्हायची आणि त्याला वाट करून द्यायची. एकदा त्याच्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, “साहेब जाऊन आले वाटतं.” एमआयडीसीतला एक हेल्पर, चाळीत भाड्याने राहणारा, रांगेतून पुढे येऊन विचारून गेला, “भैया, किराएवालों का भी होगा क्या?” काकांनी सूचना चाळल्या आणि भाडेकरू मंगळावर पात्र नाहीत असं खेदाने सांगितलं. तो माणूस निराश झाला नाही. त्याला तसंच वाटलं होतं.

सुजित मेहेर समितीचे लोक घेऊन आला. पस्तिशीचा, बारीक, हातात प्लास्टिकची फाइल. त्याने खुर्ची घेतली नाही.

“मंगळावर समुद्र नाय, असं आमच्या पोरांनी गूगलवर बघितलं.”

“नाही,” मनीष म्हणाला. काहीतरी खरं सांगायला मिळाल्यामुळे त्याला बरं वाटलं. “अजिबात नाही.”

“मग बोटी कुठं लावायच्या?”

भगवंतकाकांनी चष्मा चढवला. “समुद्राच्या बदल्यात कुटुंबातल्या एका व्यक्तीस कक्षेत नोकरी. सूचना नऊ.”

“कायम का कंत्राटी?”

“कंत्राटी.”

सुजित मागे वळून लोकांना म्हणाला, “बघा. तिथंबी ठेकेदार आधी पोचला.”

लोकांनी माना हलवल्या. रागाने नाही, ओळखीचं माणूस भेटल्यावर हलवतात तशा.

“अहो, पण तुमचा विश्वास आहे का यावर?” मनीषने विचारलं.

“नाय,” सुजित म्हणाला. “विश्वास कशाला? हरकत नोंदवून घ्या.”

काकांनी हरकत नोंदवून घेतली. दोन प्रतींत.

रात्रीच्या जेवणाआधी दुकान बंद करताना दीपाली म्हणाली, “लोक मागतायत ते छाप.”

“लोक प्लॉट मागतायत.”

“मग प्लॉट छाप. कथेचा दुसरा भाग. काकांना यादी करू दे, नकाशा काढू दे. ज्याचं नाव येईल तो अंक घेईल.”

“दीपाली, हे वाङ्मय आहे. विज्ञानकथा म्हणजे ‘असं झालं तर’…”

“‘असं झालं तर’ म्हणून ही माणसं रेशनकार्ड घेऊन आली. तुझ्या बाकीच्या वाचकांनी लाइफ जॅकेट विचारलं.”

मनीषने शटर खाली ओढलं. अर्ध्यावर ते अडकलं, नेहमीसारखं. त्याने ते पायाने दाबलं आणि म्हणाला, “चौथ्या अंकात माझी कादंबरी येईल ना मग?”

“तिसरा खपला तर पाचव्यातही येईल.”

वाटप दुकानातच झालं. काकांनी घरून ड्रॉइंगचा मोठा कागद आणला आणि त्यावर मंगळाचा एक तुकडा आखला: रस्ते, प्लॉट, समाजमंदिरासाठी राखीव जागा, स्मशान. मनीषने विवरं दाखवायला सांगितली तेव्हा काका म्हणाले, विवरं महसूल खात्याकडे येतात.

नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. काकांनी त्यासाठी डबाही आणला होता. पण पहिल्याच बाईने, प्रेमला तांडेलने, डब्यात हात घालायला नकार दिला.

“चिठ्ठ्या मागच्या वेळेला टाकल्या. माझ्या शेजारी कोण आला? ज्याच्याशी माझ्या सासऱ्याची कोर्टात केस होती तो. मला उजव्या हाताला पुष्पाचं घर पाहिजे, पयलं होतं तसं. आणि डाव्या हाताला विहीर.”

“मंगळावर विहिरीला पाणी लागणार नाही,” मनीष म्हणाला.

“ती तिकडंबी फाल्गुनात आटायची,” प्रेमला म्हणाली. “पाण्यासाठी नाय सांगत. आमी बसायचो तिथं.”

काकांनी मनीषकडे पाहिलं. मग त्यांनी प्रेमलाच्या डाव्या हाताला एक लहान गोल काढला आणि त्यात ‘विहीर’ असं लिहिलं.

त्यानंतर कोणीच चिठ्ठी उचलली नाही. माणसं काउंटरवर ओणवी होऊन एकमेकांना सांगत राहिली: मारुतीचं देऊळ इथं नाय, थोडं खाडीकडे. अरे, खाडी कुठली मंगळावर. बरं, मग खाडी होती त्या बाजूला. जाळी वाळवायची जागा मोठी ठेवा. जाळी कशाला लागतायत? नसतील लागत, जागा लागेल. दोन चुलत भाऊ मंगळावरच्या एका माडावरून भांडले आणि चहा न घेता निघून गेले. काका खोडत होते, पुन्हा काढत होते. सरळ आखलेले रस्ते वाकडे झाले. एक तर चक्क एका घराच्या ओट्यावर जाऊन संपला. मनीषने हरकत घेतली, तेव्हा चार जणांनी एकदम सांगितलं की तो तिथंच संपायचा.

नर्मदा सगळ्यांत शेवटी आली, मासे विकून झाल्यावर.

“तुमचा क्रमांक एक,” काका म्हणाले. “पहिली पसंती तुमची होती. तुम्ही सकाळीच यायला हवं होतं.”

“सकाळी गिऱ्हाईक असतं.”

“बरं. जागा कुठली हवी?”

“होती ती. दिराच्या घराच्या मागं, एकटंच होतं.”

काकांनी जागा शोधली. ती रिकामीच राहिली होती. कोणीच मागितली नव्हती. त्यांनी तिथे चौकोन काढला. “दार कोणत्या दिशेला?”

“कुठंबी असू दे.” नर्मदाने चौकोनावर बोट ठेवलं. “फक्त कुलूप लावलेलं असलं तरी मोजायचं, असं लिवता येईल काय?”

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि पुसून झाल्यावरही काही वेळ तसाच हातात धरून ठेवला. मग त्यांनी नवी ओळ घेतली आणि घाई न करता अक्षर काढलं: ‘कुलूपबंद घर हे घर समजण्यात यावे.’

“हे कुठल्या नियमात बसतं, काका?” मनीषने विचारलं.

“मंगळाच्या,” काका म्हणाले.

तिसरा अंक विनोदने छापला आणि चार दिवसांनी स्वतः फोन केला. आणखी काढायचे का, असं त्याने विचारलं. विनोदच्या तोंडून हे वाक्य आल्यावर मनीषने ते पुन्हा म्हणवून घेतलं. अंकाच्या सुरुवातीला डहाणूच्या एका प्राध्यापकांची कालप्रवासावरची कथा होती. खाजणपाड्याचे लोक तिच्यातून कुठेही न थांबता थेट शेवटच्या पानावर पोचले. दीपालीचं लॅमिनेशनचं यंत्र तापून दोनदा बंद पडलं. वसाहतीत घरोघरी देवांच्या तसबिरींच्या ओळीत यादी लागली. एका लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांनी ‘मंगळावर कॉर्नरचा’ असंही घातलं. ते हसत घातलं, पण घातलं.

नर्मदा बांगडे घेऊन आली तेव्हा दीपालीने विचारलं, “लावलीत का यादी?”

“लावली. दिराने वाचली, बाय. माझा एक नंबर, त्याचा पार खाली. उभा राहून वाचली. मग बोलला, फळी ठोकायची तर ठोक.”

“आणि ठोकलीत?”

“तवाच. मत फिरलं असतं.”

मनीष त्या दिवसांत चालता चालता शीळ घालत असे. त्याने दाराच्या काचेवरून जुना खुलासा खरवडून काढला आणि तिथे नवा कागद लावला: ‘आगामी अंकापासून संपादकांची दीर्घ कादंबरी: आणि मग ऑक्सिजन संपला.’ कादंबरी लिहून पूर्ण होती. सहा वर्षं त्याने ती लिहिली होती, पाळ्यांच्या मधल्या वेळात, प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या कोऱ्या लेबलांवरसुद्धा. दीपालीने पहिलं प्रकरण लावायला घेतलं. पडद्यावर त्याचं नाव मोठ्या टायपात आलं तेव्हा तो तिला म्हणाला, एवढं मोठं नको. तिने लहान केलं. तो म्हणाला, एवढंही लहान नको.

ते दोघं टायपाचा आकार ठरवत होते तेव्हा सुजित आणि नर्मदा दारात आले. सुजितने काचेवरचा कागद वाचला. मग आत येऊन, या वेळी, खुर्चीवर बसला.

“चौथा काढताय?”

“दिवाळीच्या आधी,” मनीष म्हणाला. “बसा ना मावशी. चहा सांगतो.”

“नका काढू,” सुजित म्हणाला.

मनीषला वाटलं तो चहाबद्दल बोलतोय.

“अंक,” सुजित म्हणाला. “नका काढू. आमचा ठराव झालाय. मागच्या वेळेला पयली यादी लागली तवा सगळे होते, साहेब. मग सुधारित लागली, थोडे गेले. मग अंतिम लागली. मग अंतिमची दुरुस्ती लागली.” भरती-ओहोटीच्या वेळा सांगाव्यात तसं तो सांगत होता. “नवा कागद आला का माणूस कमी होतो. ही लागली हाय ती बरोबर लागली हाय. पयल्यांदा. आता तिला हात नको.”

“अहो, चौथ्या अंकात यादीच नाहीये.”

सुजितने नर्मदाकडे पाहिलं.

“म्हणजे सगळेच गेलो,” नर्मदा म्हणाली.

मनीष हसला. दुसरं कोणी हसत नाही हे पाहून थांबला. त्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि आवाज खाली आणला.

“मावशी, तिकडे प्लॉट नाहीत. विहीर नाही, रस्ता नाही. भगवंतकाकांनी इथे बसून, तुमच्यासमोर काढलंय ते सगळं. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत हाय.”

“मग खोट्या यादीत नाव राहिलं काय आणि गेलं काय?”

नर्मदाने यावर विचार केला. तिने तो खरोखर केला. मनीषला तिच्या कपाळावर दिसला.

“खऱ्यात नाय ना आलं,” ती म्हणाली.

बाहेर रिक्षावाला कोणालातरी ‘पास्थळ, पास्थळ’ म्हणून बोलावत होता. सुजितने फाइल उघडली आणि बंद केली.

भगवंतकाका कोपऱ्यात हरकतींचं फायलिंग करत होते. ते खाकरले. “एक तरतूद आहे. प्रकाशन सुरू असेपर्यंत कुठलाही अंक अंतिम नसतो. पण प्रकाशनच बंद झालं, तर शेवटचा निघालेला अंक अंतिम धरतात. मग त्यात कोणालाच बदल करता येत नाही.”

“हा नियम कुठला, काका?”

काकांनी हरकतींची फाइल मिटली. मनीषने पुन्हा विचारलं नाही.

कोणीही त्याच्यावर जबरदस्ती करत नव्हतं. सुजितकडे ठराव होता, पण ठराव घेऊन आलेला माणूस जसा बसतो तसा तो बसलाच नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसतात तसा बसला होता. मनीषने टेबलावरचं पेन उचललं, त्याचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“लिहा, काका,” तो म्हणाला.

काकांनी कार्बन लावला. “‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, दूरगामी या त्रैमासिकाचे प्रकाशन तूर्त…’”

“तूर्त नको,” सुजित म्हणाला.

“‘पुढील आदेश होईपर्यंत…’”

“नको.”

“‘अपरिहार्य कारणास्तव काही काळ…’” काका थांबले. त्यांच्याजवळचे शब्द संपले होते. सगळ्या नोकरीत त्यांनी एकही गोष्ट पूर्ण बंद केली नव्हती.

“‘कायमचे’ लिहा,” मनीष म्हणाला.

काकांनी दोनदा पेन कागदाजवळ नेलं आणि मागे घेतलं. तिसऱ्या वेळी मनीषने कागद स्वतःकडे ओढला, तो शब्द लिहिला आणि खाली सही केली. वर त्या दिवसाची तारीख टाकली.

नर्मदाने कागद हातात घेतला आणि अक्षरावर बोट ठेवत ठेवत वाचला. तिला वेळ लागला. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन ती परत वर आली आणि ‘कायमचे’वर थांबली. मग तिने कागद सुजितकडे दिला, आणि काहीतरी राहून गेल्याचं तिच्या लक्षात आलं.

“पण तुमचं काय छापायचं होतं त्यात?” तिने मनीषला विचारलं. “बाहेर कायतरी लिवलंय.”

काउंटरवरच्या पडद्यावर पहिलं प्रकरण उघडं होतं. वर त्याचं नाव होतं, शेवटी दोघांचं एकमत झालं होतं त्या आकारात. दीपालीने हात लांब केला आणि पडद्याचं बटण बंद केलं.

“काही नाही, मावशी,” मनीष म्हणाला. “मजकूरच आलेला नाही.”

“मग बरं झालं,” नर्मदा म्हणाली. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. “कोणाचं नुकसान नाय झालं.”